उमेदीची पारख

अमेरिकेतील लहानमोठ्या गावांत शरद ऋतूतील शुक्रवारची संध्याकाळ ही शाळेच्या फुटबॉल सामन्याची असते. शुक्रवार शाळांचा, शनिवार महाविद्यालयांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा, अशी वाटणी तेथे फार दिवसांपासून रूढ आहे. विजेच्या झगझगीत प्रकाशात मैदान उजळलेले असते, शाळेचा बँड वाजत असतो आणि पालक, शिक्षक, दुकानदार, सेवानिवृत्त म्हातारे असे सारे गाव बाकांवर दाटीवाटीने बसलेले असते. या गर्दीत, वरच्या एखाद्या रांगेत, एक परगावचा गृहस्थ वही घेऊन बसलेला दिसतो. गाव टाळ्या वाजवते तेव्हा तो बहुधा लिहीत नाही. आणि तो लिहितो तेव्हा टाळ्या वाजवण्यासारखे काही घडले आहे असे गावाला वाटत नाही. हा गृहस्थ एखाद्या विद्यापीठाने पाठविलेला पारखी असतो. सतरा वर्षांचा एक मुलगा आणखी तीन-चार वर्षांनी कसा खेळेल, हे त्याला आज सांगावयाचे असते.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा खेळ. अमेरिकेतील फुटबॉल त्याहून अगदी निराळा. तेथे अंडाकृती चेंडू हाताने फेकतात किंवा छातीशी कवटाळून पळवितात. मैदान शंभर यार्ड लांब, आणि दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी. ज्याच्या ताब्यात चेंडू असेल त्या पक्षाने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. सरकला तर त्याला पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. क्वार्टरबॅक हा या नाटकाचा सूत्रधार. तो चेंडू दूर फेकतो किंवा आपल्या मागे उभ्या असलेल्या गड्याच्या हाती देतो. चेंडू घेऊन गर्दीतून धावणारा हा गडी म्हणजे रनिंग बॅक. आघाडीचे धिप्पाड गडी प्रतिपक्षाला रेटून त्याच्यासाठी वाट काढतात. ती वाट क्षणभर उघडते आणि मिटते. त्या क्षणात शिरणे हेच त्याचे काम.

ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना या गड्याचे कौशल्य समजावयास वेळ लागू नये. चांगला चढाई करणारा केवळ चपळ असून भागत नाही. कोणता गडी पुढे झेपावणार हे त्याला आधी दिसावे लागते, आणि पकड पडल्यावरही चारसहा जणांना ओढत मध्यरेषेला हात लावण्याची जिद्द व पायांतील ताकद त्याच्यापाशी असावी लागते. रनिंग बॅकचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे अंगावर कोसळणारा गडी शंभर-सव्वाशे किलो वजनाचा असतो आणि तो धावत येतो.

या पारखीला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी तेथील व्यवस्था थोडी ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेत शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. त्यांतील शंभरात सुमारे सात मुले पुढे कोणत्या तरी महाविद्यालयीन संघात स्थान मिळवितात, आणि सर्वोच्च गटातील विद्यापीठांत शंभरात तीनांच्या आसपासच पोचतात. तेथील उच्च शिक्षण अतिशय महाग. ज्या घरात आजवर कोणी विद्यापीठाची पायरी चढले नाही, त्या घरातील मुलाला खेळाच्या शिष्यवृत्तीने शिक्षण, निवास आणि भोजन यांची सोय होते. पारख्याच्या वहीतील दोन ओळींवर कधी कधी एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, असे म्हणावयास हरकत नाही.

मग हा पारखी पाहतो तरी काय? सामान्य प्रेक्षक प्रथम आकडे पाहतो. अमुक मुलाने हंगामात दोन हजार यार्ड धाव घेतली, तमुक मुलाने तीन हजार. परंतु हे यार्ड कोठे मिळाले, कोणाविरुद्ध मिळाले आणि कोणाच्या आधाराने मिळाले, हे आकडा सांगत नाही. आघाडीचे गडी बलदंड असतील तर सामान्य मुलगाही राजमार्गावरून गेल्यासारखा धावतो. प्रतिपक्ष दुबळा असेल तर त्याच्या पायांची खरी परीक्षाच होत नाही. म्हणून अनुभवी पारखी मुलाने निवडून पाठविलेल्या उत्तम धावांची चित्रफीत पाहून समाधान मानीत नाही. तो संपूर्ण सामन्याची फीत मागतो. ऐंशी यार्डांची धाव सर्वांनाच दिसते. वाट पूर्णपणे बुजलेली असताना जेथे तीन यार्डांचे नुकसान व्हावयाचे, तेथे या मुलाने खांदा खाली घालून दोन यार्ड मिळविले का, हे मात्र शोधून पाहावे लागते. अशा दोन यार्डांना गावाकडून टाळी मिळत नाही. पारखी त्यांचीच नोंद करतो.

पहिला गुण दृष्टीचा. चेंडू हाती आल्यावर मुलगा क्षणभर थांबतो का? उतावळा मुलगा आपल्याच गड्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. जाणता मुलगा आघाडीच्या गड्यांना आपले काम करू देतो, आणि वाट उघडताच बाणासारखा सुटतो. दुसरा गुण तोलाचा. पहिल्या धडकेने जो पडत नाही, हात जमिनीला टेकूनही जो पुन्हा सावरतो, त्याचे यार्ड त्याच्या स्वतःच्या कमाईचे असतात. तिसरा गुण पहिल्या काही पावलांतील वेगाचा. कारण गर्दीतून बाहेर पडणे दहा यार्डांतच ठरते, शंभरांत नव्हे. चौथा गुण चेंडू सांभाळण्याचा. पाचवा गुण शालेय सामन्यांत बहुधा दिसतच नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याच्या तयारीत असताना त्याच्यावर चालून येणाऱ्या गड्याला अडविणे हेही रनिंग बॅकचेच काम असते. शाळेत सर्वांत चांगल्या धावणाऱ्याला हे काम क्वचितच सांगतात. विद्यापीठात मात्र ते न येणाऱ्या मुलाला प्रशिक्षक मैदानात उतरवावयास धजत नाही. त्यामुळे कित्येक नामांकित मुलांचे पहिले वर्ष बाकावर बसून जाते.

याखेरीज घड्याळ आहे, वजनकाटा आहे, मोजपट्टी आहे. चाळीस यार्ड किती सेकंदांत, या आकड्याला तेथे फार मान. पण हातातील घड्याळ मोजणाऱ्याच्या बोटाप्रमाणे बदलते. म्हणून विचारी पारखी मुलाच्या शर्यतींतील अधिकृत, यंत्राने नोंदलेल्या वेळा मागवून घेतो. सोळाव्या वर्षी काही मुलांची वाढ पुरी झालेली असते. ती मुले समवयस्कांत प्रौढांसारखी वावरतात आणि म्हणून चमकतात. दोन वर्षांनी इतरांची वाढ झाली की ती चमक ओसरते. उलट एखादा हडकुळा मुलगा उशिरा भरतो. आजचे माप आणि उद्याचे माप यांतील हे अंतर ओळखणे सर्वांत कठीण.

माप किती फसविते याची दोन उदाहरणे क्रीडाजगताला सुपरिचित आहेत. फ्लॉरिडा राज्यातील पेन्साकोला येथील एस्कँबिया शाळेत एमिट स्मिथ नावाचा मुलगा होता. शालेय कारकिर्दीत त्याने ८,८०४ यार्ड धावा केल्या. तरीही त्याला पुरेसा वेग नाही, असा शेरा त्या काळी मारला गेला. घड्याळाच्या दृष्टीने तो शेरा अगदीच निराधार नव्हता. पण त्याला वाट दिसत असे, आणि तो सहसा पहिल्या धडकेने पडत नसे. १९८७ साली फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संघातून प्रथमच सुरुवातीपासून खेळताना त्याने अलाबामाविरुद्ध २२४ यार्ड काढले. पुढे व्यावसायिक खेळात १९९० ते २००४ या पंधरा हंगामांत त्याने १८,३५५ यार्डांचा जो विक्रम केला, तो आजवर कोणालाही मोडता आलेला नाही.

दुसरा बॅरी सँडर्स. कॅन्सास राज्यातील विचिटा शहरातला हा मुलगा जेमतेम पाच फूट आठ इंच उंच. शाळेच्या शेवटच्या वर्षी, हंगामातील चौथ्या सामन्यापासून, त्याला रनिंग बॅकची मुख्य जागा मिळाली. उरलेल्या थोड्या सामन्यांत त्याने अफाट धावा काढल्या. तरी उंचीकडे पाहून बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने त्याला घेतले. तेथेही थर्मन थॉमस या मातबर खेळाडूच्या मागे तो दोन वर्षे थांबला. १९८८ साली संधी मिळताच अकरा सामन्यांत त्याने २,६२८ यार्ड काढले आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानले जाणारे हाइझमन पारितोषिक मिळविले. ज्यांनी त्याला नाकारले त्यांनी मोजमाप चुकीचे केले नव्हते. त्याची उंची खरोखरच पाच फूट आठ इंच होती. चूक झाली ती त्या उंचीचा अर्थ लावण्यात. बुटका देह गर्दीत लवकर दिसत नाही, आणि जमिनीजवळचा तोल सहज ढळत नाही, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही.

येथपर्यंतचा विचार मुलाच्या पारखीचा झाला. पण या विषयाला दुसरी बाजू आहे, आणि तिचा उच्चार फारसा होत नाही. टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहराजवळ शुगर लँड नावाचे गाव आहे. साखर कारखान्याभोवती वसलेले, म्हणून हे नाव. महाराष्ट्रात अशी गावे पुष्कळ असल्यामुळे त्याची कल्पना मराठी माणसाला सहज यावी. त्या गावच्या शाळेत १९५० ते १९५३ या काळात केन हॉल नावाचा मुलगा खेळला. त्याने एकूण ११,२३२ यार्ड काढले. त्यांपैकी ४,०४५ एकट्या १९५३ च्या हंगामात. शालेय खेळातला हा विक्रम जवळजवळ साठ वर्षे अबाधित राहिला. या मुलाच्या गुणवत्तेविषयी कोणालाच शंका नव्हती. तो टेक्सास ए अँड एम या विद्यापीठात गेला. तेथे त्याच वर्षी बेअर ब्रायंट हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक रुजू झाले होते. त्यांच्या खेळाच्या पद्धतीत मोकळ्या मैदानात धावणाऱ्या मुलाला फारसे स्थान नव्हते. प्रतिपक्षाला धडका देऊन अडविण्याचे काम त्याने करावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ते त्याला जमले नाही, आणि १९५६ साली तो संघ सोडून गेला. पुढे काही वर्षे तो व्यावसायिक संघांतून खेळला, पण शुगर लँडचा तो धावणारा मुलगा विद्यापीठाच्या मैदानावर कधी नीट दिसलाच नाही. ब्रायंट यांची गणना पुढे तेथील थोर प्रशिक्षकांत झाली. केन हॉलच्या बाबतीत मात्र ते चुकले.

केन हॉलचा विक्रम २०१२ साली मोडला. मोडणारा मुलगा फ्लॉरिडातील युली गावचा डेरिक हेन्री. त्याचे एकूण यार्ड १२,१२४ भरले. याच्याविषयीही शंका होत्या, पण त्या उलट्या. सव्वासहा फूट उंचीचा हा मुलगा रनिंग बॅक होण्यास फार उंच, ताठ धावतो, पायांवर सहज पकड मिळेल, त्यापेक्षा याला बचावफळीत उभा करावा, असे अनेकांचे मत होते. अलाबामा विद्यापीठाने त्याला रनिंग बॅकच ठेवले. पण घाई केली नाही. पहिल्या वर्षी त्याच्या हाती चेंडू फार थोड्या वेळा दिला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या जोडीने खेळविले, आणि २०१५ साली तिसऱ्या वर्षी सारा भार त्याच्यावर टाकला. त्या वर्षी त्याने २,२१९ यार्ड काढून हाइझमन पारितोषिक जिंकले. व्यावसायिक खेळात २०२० साली तो दोन हजार यार्डांपलीकडे गेला, आणि ज्या वयात बहुतेक रनिंग बॅक निवृत्त झालेले असतात त्या तिसाव्या वर्षी, २०२४ च्या हंगामात, त्याने १,९२१ यार्ड काढले.

एकाच विक्रमाचे हे दोन धनी. दोघांच्या नशिबांत एवढा फरक का पडला? एकाच्या विद्यापीठाने आपल्या पद्धतीत मुलाला बसविण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्याच्या विद्यापीठाने मुलाला त्याच्या जागी ठेवून वाढू दिले. अर्थात यात काळाचा, प्रकृतीचा आणि स्वभावाचाही भाग असणारच. तथापि मुलाची पारख करताना ज्या संस्थेत तो जावयाचा तिचीही पारख झाली पाहिजे, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

याहून करुण कथा मार्कस डुप्रीची. मिसिसिपी राज्यातील फिलाडेल्फिया या लहान गावाचा तो कृष्णवर्णीय मुलगा. त्याचा जन्म १९६४ सालचा. त्याच वर्षी जूनमध्ये त्या गावाच्या परिसरात नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तीन तरुणांचे खून झाले आणि गावाचे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले. पुढे गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एक झाल्या, आणि डुप्रीला धावताना पाहण्यासाठी दोन्ही वर्णांची माणसे एकाच मैदानाभोवती जमू लागली. १९८१ च्या हंगामानंतर त्याला मिळविण्यासाठी देशभरातील विद्यापीठांची माणसे त्या गावात येऊन थडकली. एकाने तर आठवडेच्या आठवडे तेथे मुक्काम ठोकला. विली मॉरिस या लेखकाने या साऱ्या मनधरणीवर एक पुस्तकच लिहिले आहे. शेवटी मुलगा ओक्लाहोमाला गेला. पहिल्याच हंगामात त्याने ९०५ यार्ड काढले आणि हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात २३९ यार्डांची भर घातली. परंतु वजन, तंदुरुस्ती आणि शिस्त यांवरून प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांच्याशी त्याचे बिनसले. १९८३ च्या ऑक्टोबरात तो विद्यापीठ सोडून गेला. व्यावसायिक खेळात शिरल्यावर १९८५ साली गुडघा निकामी झाला, आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी कारकीर्द संपल्यातच जमा झाली. पाच वर्षांनी मोठ्या जिद्दीने तो परतला, पण ते परतणे अल्पकाळाचे ठरले.

डुप्रीच्या पायांची पारख करण्यात कोणीही चुकले नव्हते. त्याचा वेग, त्याचा देह, त्याची दृष्टी यांविषयी साऱ्यांचे मत एक होते. परंतु अठरा वर्षांचा मुलगा घरापासून शेकडो मैल दूर गेल्यावर त्याच्याशी कोण बोलणार, त्याचा विश्वास कोणावर बसणार, हा प्रश्न त्या गर्दीत मागे पडला. म्हणून चांगला पारखी मैदानावरून थेट परत जात नाही. तो शाळेच्या शिक्षकांना भेटतो, आई किंवा आजी यांच्याशी बोलतो, आणि मुलाचे गुणपत्रक मागतो. सर्वोच्च गटात खेळण्यासाठी मुलाने शाळेत ठराविक सोळा मूलभूत विषय पुरे करून किमान सरासरी राखलेली असावी लागते. त्यात तो कमी पडला तर चाळीस यार्डांची वेळ काही कामाची नाही. गुणपत्रकातून मुलाची सवयही कळते. नावडत्या विषयासाठी जो रोज तासभर बसतो, तो नावडते अडविण्याचे कामही शिकतो.

गेल्या काही वर्षांत ही व्यवस्था झपाट्याने पालटली आहे. २०१८ पासून एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामाईक नोंद होऊ लागली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठे स्वतःच त्यांना उत्पन्नातील वाटा देऊ लागली. खेळाडूंच्या श्रमावर कोट्यवधी डॉलर मिळवून त्यांना रिकाम्या हाताने ठेवणारी जुनी रीत न्याय्य नव्हती. त्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच. पण त्याचा एक परिणाम शाळकरी मुलांना सोसावा लागतो. प्रशिक्षकाला आता एकवीस वर्षांचा, कसोटीला उतरलेला रनिंग बॅक दुसऱ्या विद्यापीठातून आणता येतो. मग सतरा वर्षांच्या हडकुळ्या मुलासाठी तीन वर्षे कोण थांबणार? सँडर्ससारख्या मुलाला बाकावर दोन वर्षे शिकू देणारा धीर अशा बाजारात दुर्मिळ होत चालला, तर नवल नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की केन हॉलसारखा चुकीच्या जागी पडलेला मुलगा आज सहज दुसरी वाट धरू शकला असता.

तेव्हा त्या वरच्या रांगेतील गृहस्थाने वहीत काय लिहावे? हा मुलगा थोर होईल, असे त्याने लिहू नये. तसे कोणालाच सांगता येत नाही. याला वाट दिसते, हा पहिल्या धडकेने पडत नाही, याला अडविणे शिकवावे लागेल, याची वाढ अजून व्हावयाची आहे, इतके तो प्रामाणिकपणे लिहू शकतो. त्याखाली त्याने आणखी एक ओळ लिहावी: आपल्या संघात याला कोणते काम द्यावयाचे, कोणाच्या हाताखाली, आणि खेळ जमला नाही तर याचे शिक्षण पुरे करून देण्याची आपली तयारी आहे काय. या ओळीचे उत्तर मैदानावर मिळत नाही. ते पारख्याने आपल्या विद्यापीठात परत जाऊन, प्रशिक्षकाच्या खोलीत बसून, मिळवावयाचे असते. १९५४ साली शुगर लँडच्या मुलासाठी कोणी तो प्रश्न नेटाने विचारला असता, तर त्याच्या नावापुढे आज केवळ शाळेचेच आकडे उरले नसते.